अनुलोम-विलोम शिकताना: रोखायचं नंतर, आधी सोडायला शिका

नागपुरात आमच्या लेआउटमधल्या हनुमान मंदिराच्या सभामंडपात पहाटे प्राणायाम शिकायला येणाऱ्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "ताई, श्वास किती वेळ रोखून धरायचा?" मी सांगते, अजिबात नाही, निदान पहिले दोन महिने तरी नाही. ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. प्राणायाम म्हणजे छाती फुगवून श्वास कोंडणं, आणि जितका जास्त वेळ कोंडला तितका फायदा मोठा, असं मनात घेऊन ते आलेले असतात.

मीही तसंच समजून सुरुवात केली होती. एका छोट्या पुस्तिकेत एकास चारास दोन असं प्रमाण वाचलं आणि कोणालाही न विचारता घरी सुरू केलं. चार अंक श्वास घ्यायचा, सोळा अंक रोखायचा, आठ अंकांत सोडायचा. आठवडाभरात डोकं जड झालं, कानशिलं ठणकू लागली, घरात सगळ्यांवर चिडचिड होऊ लागली. मला वाटलं, अंगातलं काहीतरी वाईट बाहेर पडतंय. पुढे एका ज्येष्ठ शिक्षिका माझ्या शेजारी पाच मिनिटं नुसत्या बसल्या, माझा श्वास पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, तू पूर्ण सोडतच नाहीस. भरलेल्या तांब्यात आणखी पाणी कसं ओतशील?" आज मी नव्या माणसांना जे शिकवते ते सगळं त्या एका वाक्यातून आलेलं आहे.

पंधराव्या शतकाच्या सुमाराला स्वात्मारामांनी लिहिलेल्या हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या अध्यायात हे स्पष्ट सांगितलं आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवावे लागतात तसाच श्वासही. घाई केली तर तो साधकालाच मारतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळ्यांची दुखणी होतात, असंही तिथे लगेच पुढे येतं. पेंच आणि ताडोबा इतके जवळ असलेल्या आपल्या लोकांना वाघाची उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अनुलोम-विलोम म्हणजे डाव्या नाकपुडीने श्वास घेऊन उजवीने सोडणं, मग उजवीने घेऊन डावीने सोडणं. श्वास घेण्याला पूरक म्हणतात, सोडण्याला रेचक आणि रोखण्याला कुंभक. काही परंपरांमध्ये कुंभक नसेल तर अनुलोम-विलोम आणि कुंभकासह केलं तर नाडीशोधन, असा फरक करतात; काही ठिकाणी दोन्ही नावं एकाच क्रियेला वापरतात. नावावरून वाद घालण्यात नवशिक्याने वेळ घालवू नये. आपण इथे कुंभकाशिवायचा प्रकार पाहतोय.

जागा, वेळ आणि पोट

नागपुरात वेळ ऋतूप्रमाणे बदलावीच लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा सकाळी साडेपाच ते साडेसहा हाच काय तो सुखाचा तास. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर त्यातही रात्रीची धग उरलेली असते. कूलरसमोर बसायला हरकत नाही, पण थेट झोतात बसू नका. ओला गार वारा नाकात शिरला की नाक चोंदतं. आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कूलरच्या जाळीतलं गवत बदलून टाकी घासून घ्या. जुन्या गवताचा, साचलेल्या पाण्याचा कुबट वास येत असेल तर त्या हवेत खोल श्वास घेऊ नये, हे साधं आहे पण लोक विसरतात.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे रस्त्याच्या कडेला शेकोट्या पेटलेल्या असतात, धूर जमिनीलगत साचून राहतो. अशा वेळी मैदानात जाण्याचा हट्ट नको. ऊन वर आल्यावर, घरात, अंगावर शाल घेऊन बसा. अंबाझरीच्या किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडांमध्ये आत जाऊन बसलात तर उत्तमच. पण रिंग रोडच्या कडेच्या बाकावर बसण्यापेक्षा घराची गच्ची कधीही बरी.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर किमान तीन-साडेतीन तास जाऊ द्या. पाण्याचे दोन घोट चालतात. तर्री-पोहे नंतर खा. ते खाऊन बसलात तर रेचकाबरोबर जळजळ वर येते, आणि मग दोष प्राणायामाला लागतो.

पायरी पहिली: बसणं

पतंजलींनी आसनाची व्याख्या दोनच शब्दांत केली आहे: स्थिर आणि सुख. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर त्यात सुख नाही आणि स्थिरताही नाही. चादरीची चौपदरी घडी करून ती बुडाखाली घ्या, गुडघ्यांखाली नाही. बूड जरा उंच झालं की पाठ आपोआप सरळ होते. तरीही जमत नसेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकवा, पाठ खुर्चीला रेलू नका. आमच्याकडे साठीच्या पुढचे निम्मे लोक खुर्चीवर बसतात आणि त्यांचा श्वास जमिनीवर बसणाऱ्यांपेक्षा काही कमी दर्जाचा नाही.

पायरी दुसरी: नाक सोडून पोटाकडे बघा

पहिले तीन-चार दिवस नाकाला हातच लावू नका. एक तळहात बेंबीवर, दुसरा छातीवर ठेवा. श्वास घेताना कोणता हात आधी हलतो? बहुतेकांचा छातीवरचा. खांदेही वर जातात. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा श्वासपटल नावाचा स्नायू असतो. तो खाली सरकतो तेव्हा पोट हलकंसं पुढे येतं आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत हवा पोहोचते. पोट मुद्दाम फुगवायचं नाही. श्वास सोडताना पोट आत जाऊ द्या, घेताना त्याला मोकळं सोडा, एवढंच.

बसून कळत नसेल तर उताणे झोपा, गुडघे वाकवा आणि पोटावर एखादं जाड पुस्तक ठेवा. ते वर-खाली होताना दिसलं की गोष्ट लगेच लक्षात येते. महालातले एक काका आमच्याकडे येत. पंधरा दिवस म्हणत राहिले, "ताई, मले जमून नाही राहिलं." एक दिवस त्यांच्या पोटावर नातवाचं गणिताचं पुस्तक ठेवलं, आणि दोन मिनिटांत त्यांना स्वतःचाच श्वास दिसला.

पायरी तिसरी: सोडणं लांबवा

ही पायरी घाईने ओलांडू नका, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. अजूनही दोन्ही नाकपुड्या मोकळ्या आहेत. मनात तीन अंक मोजत श्वास घ्या, चार अंकांत सोडा. अंक घड्याळाच्या सेकंदाएवढा ठेवा. काही जण अंकाऐवजी राम राम म्हणतात, काही जण विठ्ठल. लय सारखी राहिली की झालं.

सोडताना हवा ढकलू नका. गरम दुधावरची साय न हलवता फुंकर घालावी, तितक्या हलकेपणाने ती नाकातून जाऊ द्या. शेवटच्या अंकाला थोडी हवा उरली पाहिजे. पुढचा श्वास घेताना धाप लागून हपापल्यासारखं झालं, तर आधीचा रेचक तुमच्या ताकदीपेक्षा लांब होता असं समजा आणि एक अंक कमी करा. मी कुणाचाही अभ्यास बघताना फक्त हीच खूण बघते. पुढचा श्वास शांतपणे आला की आधीचा बरोबर सुटला होता.

आठ दिवस हे करा. रोज पाच मिनिटं पुरे.

पायरी चौथी: हात

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका आणि करंगळी मिळून डाव्या नाकपुडीसाठी. बोट नाकाच्या हाडावर नको. हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे अलगद टेकवा. हवा बंद होण्यापुरताच स्पर्श. नाकावर लाल वळ उठत असेल तर तुम्ही दाबताय.

कोपर छातीला चिकटवू नका आणि पंखासारखं उचलूनही धरू नका. हात दुखायला लागतोच. तेव्हा डाव्या तळहाताचा उजव्या कोपराला आधार द्या, किंवा थांबून हात खाली घ्या. दुखणारा हात सहन करत बसलात तर मान वाकते आणि सगळं लक्ष दुखण्याकडे जातं.

पायरी पाचवी: एक आवर्तन

आधी दोन्ही नाकपुड्यांनी श्वास पूर्ण सोडा. अंगठ्याने उजवी बंद करा, डावीने तीन अंक श्वास घ्या. आता डावी बंद करा, अंगठा उचला, उजवीने चार अंक सोडा. बोटं जिथे आहेत तिथेच ठेवून उजवीनेच तीन अंक घ्या. उजवी बंद, डावी मोकळी, डावीने चार अंक सोडा. हे झालं एक आवर्तन.

गोंधळ एकाच ठिकाणी होतो: सोडल्यावर लगेच बाजू बदलायची की नाही? नाही. ज्या नाकपुडीने सोडला तिनेच पुन्हा घ्यायचा. बोटं बदलतात ती फक्त श्वास भरल्यावर. नव्या माणसाला मी एवढंच पाठ करायला सांगते, "भरलं की बदला."

पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं, म्हणजे साधारण बारा आवर्तनं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सहज वाटलं तर चार अंक घेणं आणि सहा अंक सोडणं. हा एक श्वास दहा सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. एका आवर्तनाला वीस सेकंद, पाच मिनिटांत पंधरा आवर्तनं. इथे पोहोचलात की अंक वाढवण्याच्या मागे लागू नका. वेळ पाचावरून दहा मिनिटांवर न्या. शेवटी हात मांडीवर ठेवून दोन मिनिटं नुसतं बसा. लगेच उठून मोबाइल पाहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण अभ्यासाचा शांतपणा त्या दोन मिनिटांतच अंगात उतरतो.

एक नाकपुडी बंद असेल तर

"ताई, माझी डावी नेहमीच बंद असते." नेहमीच नसते. नाकाच्या आतलं अस्तर आळीपाळीने एका बाजूला सुजतं आणि दुसऱ्या बाजूला ओसरतं. काही तासांनी बाजू बदलते. 1895 मध्ये रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने याचं वर्णन केलं. आपल्याकडे इडा आणि पिंगला, चंद्र आणि सूर्य असे डाव्या-उजव्या स्वराचे विचार त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेले आहेत. म्हणून सकाळी एक बाजू जड वाटली तर तो आजार नव्हे. हवा थोडी जरी जात असेल तरी अंक कमी करून अभ्यास करता येतो.

सर्दीने पूर्णच चोंदलं असेल तर गरम पाण्याची वाफ घ्या आणि त्या दिवशी नाक न दाबता फक्त लांब रेचक करा. जोर लावून हवा काढू नका, कानात दडे बसतात. जलनेती, म्हणजे नाकातून पाणी घालून नाक धुण्याची क्रिया, करायची असेल तर ती जाणकाराकडून शिका आणि उकळून कोमट केलेलंच पाणी वापरा. नळाचं थेट पाणी नाकात घालू नये. एकच बाजू महिनोनमहिने बंद राहत असेल तर नाकाचं हाड वाकडं असू शकतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

फायदा काय होतो, आणि काय होत नाही

मनगटावर बोट ठेवून नाडी पाहा. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तरुण मुलांमध्ये हा फरक सहज कळतो. हृदयाला मंद करणारा संदेश व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून जातो, आणि रेचकात त्याचा प्रभाव वाढतो. आता कळेल की मी सोडण्यावर इतका भर का देते: लांब रेचकात शरीर दर वेळी थोडं थोडं सैल होतं. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की श्वास, हृदयाची लय आणि रक्तदाबाचे बारीक चढउतार एकमेकांशी जुळायला लागतात. नियमित संथ श्वसनाने रक्तदाब थोडा उतरतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. थोडा, हा शब्द विसरू नका. गोळी बंद करण्याइतका नव्हे, आणि गोळीचा निर्णय डॉक्टरांचाच.

मला स्वतःला आणि माझ्याबरोबर बसणाऱ्यांना सर्वांत आधी जाणवतो तो झोपेतला फरक, आणि राग येण्याच्या आधी मिळणारी छोटीशी सवड. परीक्षेच्या दिवसांत मुलांना मी हेच देते, पेपर हातात पडण्याआधी नाकाला हात न लावता पाच लांब रेचक.

एक गैरसमज मात्र काढून टाका. अनुलोम-विलोमाने रक्तातला प्राणवायू खूप वाढतो, असं सर्रास सांगितलं जातं. कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले. निरोगी माणसाच्या बोटाला लावला तर साधं बसल्या-बसल्याही 97-98 दिसतं. तिथे वाढायला जागाच फारशी नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहायला सुरुवात केली, आणि ती मोजून पाहण्याची वृत्ती आपण टिकवली पाहिजे. प्राणायामाचं मोल प्राणवायूच्या आकड्यात नाही, मज्जासंस्थेला मिळणाऱ्या विसाव्यात आहे. मधुमेह, थायरॉइड, कर्करोग यातलं काहीही नाकपुड्या बदलून बरं होत नाही, आणि तसं सांगणाऱ्याकडे शिकू नका.

कोणी जपावं

कुंभकाशिवायचा, संथ, जोर न लावता केलेला श्वास बहुतेकांना सोसतो. तरीही हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, काचबिंदू, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आपल्या पूर्व विदर्भात एक गोष्ट वेगळी सांगितलीच पाहिजे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. प्राणवायू कमी पडला की या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि वेदना सुरू होतात. अशा रुग्णाने श्वास रोखण्याचे प्रकार करू नयेत, कोणी कितीही आग्रह केला तरी. संथ श्वासही त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

करताना चक्कर आली, ओठ-बोटांना मुंग्या आल्या किंवा छातीत घाबरं झालं तर हात खाली घ्या, नेहमीसारखा श्वास चालू द्या. मुंग्या बहुधा जास्त जोराने आणि भराभर श्वास घेतल्याने येतात. छातीत दुखलं तर मात्र तो प्राणायामाचा विषय राहत नाही, लगेच दवाखाना गाठा.

उन्हाळ्यासाठी थोडं शीतलीबद्दल

एप्रिल लागला की सगळे शीतली मागतात. जिभेची पन्हळ करून ओठांबाहेर किंचित काढायची, तिच्यातून हवा आत ओढायची, तोंड मिटून नाकाने सोडायची. अनुवंशाने किंवा ठेवणीने काहींची जीभ वळत नाही. त्यांनी दात हलके जुळवून फटींतून हवा ओढावी, ती सीत्कारी. हे काम कसं करतं ते नागपूरकराला कूलरवरून लगेच कळेल: कोरडी हवा ओल्या पृष्ठभागावरून गेली की पाणी उडतं आणि गारवा येतो. म्हणूनच मे महिन्यात शीतली छान लागते आणि जुलैच्या दमट हवेत फिकी पडते. पण गारवा तोंडाला आणि घशाला मिळतो. लू लागलेल्या माणसाला शीतली करायला लावू नका. त्याला सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. तोंडाने घेतलेली हवा नाकात गाळली जात नाही, म्हणून धुळीत शीतली नको. दहा-बारा वेळा पुरे.

कोणाकडे शिकावं

लेख वाचून सुरुवात होते, पण खांदा वर जातोय हे आपलं आपल्याला दिसत नाही. रामनगरातल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य योग शिकवला आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांची पहिली आसनं तिथलीच. जवळ कोणीही जाणता शिक्षक असला तरी चालेल. त्याची परीक्षा सोपी आहे: तो पहिल्याच दिवशी कपालभातीचे, म्हणजे पोटाला झटका देत श्वास बाहेर फेकण्याचे, शेकडो ठोके मारायला लावतो, की आधी शेजारी बसून तुमचा श्वास बघतो? 21 जूनच्या योगदिनाला मैदानं भरतात, तेव्हा असे शिक्षक भेटण्याची संधी चांगली असते. त्यांचा पत्ता विचारून ठेवा आणि 22 जूनला जा.

आता शेवटचं काम, आणि ते आजच करता येईल. तुम्ही पेपर वाचत किंवा टीव्ही बघत बसलेले असताना, तुम्हाला न सांगता, घरातल्या कोणीतरी एका मिनिटात तुमचे श्वास मोजावेत. सांगून मोजले तर आकडा बदलतो. प्रौढ माणसाचे साधारण 12 ते 20 भरतात. तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आजच्या तारखेच्या चौकोनात लिहा. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा, तसेच, नकळत. माझा पहिला आकडा 18 होता. तो लिहिलेलं कॅलेंडरचं पान मी अजून जपून ठेवलं आहे.